गाडी नसताना मुंबईहून किल्ले-लेणी पाहायला निघताय? या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन भाजे लेणी पाहायला गेले होते. लेणी मनासारखी पाहून झाली, उतरून मळवली स्टेशनवर आलो आणि मग भर दुपारी बाकावर बसून राहिलो. पाण्याची बाटली संपलेली, आईचे गुडघे बोलायला लागलेले आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलचा पत्ता नाही. चूक माझीच होती. जायची वेळ मी मिनिटामिनिटाने ठरवली होती, परतीची पाहिलीच नव्हती. लोणावळा-पुणे लोकलमध्ये दुपारी मोठा खंड पडतो.

म्हणून वेळापत्रक उलटं वाचा. आधी परतीची लोकल ठरवा, मग तिच्या आधी सुटणाऱ्या लोकलवर पक्कं व्हा. म्हणजे एक चुकली तरी हाताशी दुसरी राहते. मळवलीला अडकलातच, तर कार्ला फाटा गाठा. जुन्या हायवेवरून लोणावळ्याकडे जाणारी एसटी किंवा शेअर रिक्षा तिथे मिळते. आम्हीही शेवटी तेच केलं.

पण या भागात रेल्वेने जाण्याला खरंच अर्थ आहे. कल्याण आणि सोपारा ही जुनी बंदरं. तिथला माल बोरघाटातून वर जायचा, आणि त्याच वाटेवर कार्ला, भाजे, कोंढाणे ही लेणी कोरली गेली. इंग्रजांनी 1863 मध्ये रेल्वे वर चढवली, तीही बोरघाटातूनच. म्हणून लेणी आजही स्टेशनांपासून फार लांब पडत नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, मान वर करून छताच्या लाकडी कमानी पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड अजून जागेवर आहे. चैत्य पश्चिमेकडे उघडतो, त्यामुळे दुपारनंतर आत छान उजेड येतो. मात्र भाजे आणि कार्ला ही लेणी मळवली स्टेशनच्या दोन विरुद्ध बाजूंना आहेत. सोबत वयस्कर माणसं असतील तर एका दिवसात एकच करा.

तिकिटाचं म्हणाल, तर मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंतच जाते. पुढे लोणावळ्यापर्यंत एक्स्प्रेस आणि तिथून पुण्याची लोकल. लोकलचं साधं तिकीट खिशात ठेवून एक्स्प्रेसमध्ये चढू नका, दंड भरावा लागतो.

रविवारी सकाळी निघणाऱ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवण्याची वेळ, न पाहणं. ब्लॉक बहुतेक सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि दुपारी उशिरापर्यंत चालतो. कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी जाहीर झालेलं असतं, शनिवारी रात्री एकदा बघून घ्या. कामावरून मंगळवार-बुधवारची सुट्टी मिळाली तर सोनंच. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे येत असते आणि तुम्ही उलट्या दिशेने निघालेले असता, बसायला जागा मिळते. सोमवारी मात्र घारापुरी बंद असते.

मध्य रेल्वेवर नवख्यांचा घोळ होतो तो कल्याणला. तिथून मार्ग फुटतात. इंडिकेटरवर 'एन' म्हणजे कसारा, 'एस' म्हणजे कर्जत, 'केपी' म्हणजे खोपोली. अंबरनाथला निघाला असाल आणि कल्याणनंतर शहाड आलं, तर तुम्ही कसाऱ्याच्या गाडीत आहात. तिथेच उतरा आणि परत कल्याणला या. विठ्ठलवाडी आलं तर निश्चिंत बसा. अंबरनाथला पूर्वेला उतरायचं. 1060 सालचं शिवमंदिर तिथून चालत जाण्यासारखं आहे. गर्भगृहात पायऱ्या उतरून जावं लागतं आणि वर शिखराच्या जागी आकाश दिसतं. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती घाईत पाहू नका, मंदिराला दोन फेऱ्या मारा.

पश्चिम रेल्वेने वसईचा किल्ला पाहायला जाणारे अंतरात फसतात. स्टेशनचं नाव 'वसई रोड' आहे, आणि नावात 'रोड' असला की जुनं गाव स्टेशनपासून दूर असतं असं समजावं. पायी निघू नका. पश्चिमेला बाहेर पडून किल्ल्याकडची बस किंवा रिक्षा घ्या, आणि उतरतानाच परतीच्या बसची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि चर्चच्या घंटा देशावर गेल्या. एक आजही भीमाशंकरच्या देवळात आहे. पडक्या चर्चमध्ये जमिनीवरच्या थडग्यांच्या फरशा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत. त्यांवर पाय देऊ नका, बाजूने जा. आवार मोठं आहे, झाडी दाट आहे आणि आत दिवे नाहीत. ऊन कलायला लागलं की दरवाजाकडे वळा. तिथली माणसं रिक्षा कुठे मिळेल ते आपणहून सांगतात.