सीटी स्कॅनमध्ये अचानक सापडलेली ॲड्रिनलची गाठ : ऑपरेशनआधीच्या या चुका टाळा

मुतखड्यासाठी काढलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात ॲड्रिनल या मूत्रपिंडावरील ग्रंथीच्या गाठीचा उल्लेख आला की, आमच्या नाशिकमध्ये रुग्णाचा पहिला प्रश्न 'कधी काढायची?' हाच असतो, आणि काही सर्जनही त्याला लगेच तारीख देऊन मोकळे होतात. वास्तविक अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. इंजेक्शन न देता काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ एकसंध आणि तिची घनता १० हौन्सफिल्ड युनिट (स्कॅनमधील घनतेचे एकक) किंवा त्याहून कमी असेल, तर ती कर्करोगाची नाही असे धरता येते. केवळ गाठीच्या आकाराचा ४ सेंटिमीटर हा आकडा पाहून सुरी उचलणे मला मान्य नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे 'बीपी नॉर्मल आहे' एवढ्यावर मेटानेफ्रिनची (ॲड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या घटकांची) तपासणी टाळणे. घनता १० च्या वर असेल, तर ही तपासणी झालीच पाहिजे. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची तोडणी तोंडावर आल्यामुळे घरच्यांनी घाई केली आणि एका रुग्णालयात तपासणीविनाच त्याला टेबलावर घेण्यात आले. गाठीला हात लागताच रक्तदाब २५० च्या पुढे गेला. भूलतज्ज्ञाने प्रसंगावधान राखून ऑपरेशन थांबवायला लावले, म्हणून तो वाचला. आमच्याकडे आल्यावर निदान झाले : फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब भडकवणारी संप्रेरके सोडणारी गाठ.

त्याला दोन आठवडे अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध), भरपूर पाणी आणि जेवणात सढळ मीठ दिले. बीपीच्या पेशंटला मीठ कसे चालेल, यावर नातेवाइकांनी माझ्याशी हुज्जत घातली. परंतु आक्रसलेल्या रक्तवाहिन्या सैल होताना त्या भरून काढाव्या लागतात, अन्यथा गाठ निघताच रक्तदाब कोसळतो. बसून व उभे राहून रक्तदाब मी स्वतः मोजतो, आणि नाक चोंदल्याची तक्रार ऐकली की, औषध लागू पडत असल्याचे समाधान वाटते. हे दोन आठवडे वाचवता येत नाहीत. धडधड होते म्हणून अल्फाच्या आधी बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध) सुरू करणे तर निव्वळ अविचार आहे, कारण त्याने रक्तदाब आणखी भडकू शकतो.

मेटानेफ्रिनचा अहवाल हाती येण्यापूर्वी गाठीत सुई घालू नये. कर्करोगाचा दाट संशय असल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नये, कारण आवरण फुटले तर आजार पोटात पसरतो. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजलेल्या असतील, तर आपल्याकडे क्षयरोग आठवलाच पाहिजे.

रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) देऊन सकाळी ८ ते ९ दरम्यान कॉर्टिसॉल हे ॲड्रिनलचे संप्रेरक मोजण्याची स्वस्त तपासणीही सर्रास वगळली जाते. गाठ कॉर्टिसॉल तयार करत असेल, तर दुसऱ्या बाजूची ग्रंथी निद्रिस्त झालेली असू शकते. अशा रुग्णाला ऑपरेशननंतर हायड्रोकॉर्टिसोनचे (कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या औषधाचे) संरक्षण द्यावे लागते आणि ती ग्रंथी जागी झाल्याची खात्री पटेपर्यंत ते हळूहळूच कमी करावे लागते. 'टाके सुकले, आता गोळ्या कशाला?' असे म्हणणाऱ्यांना मी घरी सोडण्यापूर्वी उलट्या, चक्कर आणि गळाठा ही कॉर्टिसॉल कमी पडल्याची लक्षणे कागदावर लिहून देतो.