धरणाच्या पायथ्याशी वीजघर काढायचंय? आधी पाण्याची वही बघा

गंगापूर धरण भरलं, दरवाजे उघडले की नाशकात कुणी ना कुणी विचारतंच, एवढं पाणी सोडतात तर त्यावर टर्बाइन का नाही बसवत. बसवता येतं ना. वैतरणेवर ६० मेगावॅटचा संच आहे, दारणेच्या पायथ्याशी पण छोटं वीजघर आहे. मी अशाच एका छोट्या वीजघरात बरीच वर्षं शिफ्ट केलीये, आणि हल्ली गावाकडची पोरं, शेतकरी कंपनीवाले यात पैसे घालायचं म्हणतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी धरण किती टीएमसीचं आहे ते डोक्यातून काढा. विसर्गाची रोजची नोंद मिळवा, निदान १० वर्षांची, कारण आपल्याकडे पाणी विजेसाठी सुटतच नाही. ते सुटतं पिण्यासाठी, आवर्तनासाठी म्हणजे शेतीला पाळीपाळीने द्यायला, आणि समन्यायी वाटपात, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाणी सारखं वाटताना, खालच्या जायकवाडी धरणाला द्यायची वेळ आली की तिकडे. आपण फक्त वाटेत उभं राहून त्यातून वीज काढून घेतो. ही गोष्ट ज्याला पटत नाही त्याने यात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सरासरी काढू नका प्लीज. ऑगस्टमध्ये सांडव्यावरून हजारो क्युसेक जातात, मेमध्ये कधीकधी आठवडाभर काहीच नाही, दोन्हीची सरासरी कागदावर मस्त दिसते पण सांडव्याचं पाणी टर्बाइनमधून जातच नाही. वर्षाचे ३६५ विसर्ग मोठ्यापासून लहान असे ओळीने लावा आणि बघा किती दिवस किमान किती पाणी मिळतंय, त्यावरून मशीनचा साइज ठरतो.

हिशोब सोपा आहे. ९.८१ गुणिले विसर्ग (घनमीटर सेकंदाला) गुणिले पाण्याची उंची, म्हणजे पाणी किती वरून खाली येतं ते, मीटरमध्ये गुणिले कार्यक्षमता, उत्तर किलोवॅटमध्ये. समजा कालव्याला ४ घनमीटर म्हणजे साधारण १४१ क्युसेक सुटतात, उंची १८ मीटर, कार्यक्षमता ८० टक्के, तर ५६५ किलोवॅट. वर्षभर चालेल असं धरलं तर साडेएकोणपन्नास लाख युनिट होतात आणि इथेच लोक फसतात. आवर्तनं आणि पावसाळा धरून १५० दिवस मिळाले तर युनिट होतात २० लाख, त्यातून बंद पडण्याचे दिवस वजा करा. बँकेला हाच आकडा दाखवा, आणि दुष्काळी वर्षात याच्या निम्मे युनिट आले तर हप्ता भरता येतो का तेही आत्ताच बघून ठेवा.

अजून एक, उंची कायम नसते. धरण भरलेलं असताना जी उंची ती मार्चनंतर राहत नाही, पातळी फार खाली गेली की फ्रान्सिस जातीचं टर्बाइन थरथरायला लागतं, ब्लेडवर खड्डे पडतात. उंची कमी आणि पाणी जास्त असेल तर कॅप्लान जातीचं टर्बाइन बघा. पेल्टन ही तिसरी जात आपल्या धरणांच्या पायथ्याला चालत नाही, त्याला शेकडो मीटरचा कडा लागतो.

आता जे मी डोळ्यांनी बघितलंय ते. रात्री फीडर, म्हणजे वीज बाहेर नेणारी लाइन, ट्रिप झाला, लोड गेला, मशीनने आपोआप पाणी बंद केलं, जे बरोबरच आहे नाहीतर मशीन बेफाम वेगाने फिरत सुटतं. पण बायपासचा व्हॉल्व्ह, म्हणजे मशीन बंद असताना पाणी बाजूने कालव्यात सोडणारा, हाताने फिरवायचा होता आणि ड्युटीवर एकच माणूस, तो आधी पॅनेलकडे धावला. तासाभरात कालव्याची पातळी उतरली. टेलच्या म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाची पाळी पहाटेची होती, द्राक्षाचा प्लॉट, चारीत नुसता ओला गाळ. सकाळी तो वीजघराच्या गेटवर आला, ओरडला नाही, एवढंच म्हणाला, भाऊ माझी पाळी गेली ना. मला आजही ते लागतं. म्हणून बायपास ऑटोमॅटिकच घ्या, यात पैसे वाचवू नका.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त वेळ खातं ते ट्रॅश रॅक, म्हणजे तोंडावरची जाळी. जलपर्णी, प्लास्टिक, झाडांच्या फांद्या, कधी मेलेलं जनावर. जाळीच्या अलीकडे-पलीकडे पातळीत फरक दिसला की साफ करा, कारण उंची तिथेच वाया जाते.

पर्यावरणाचं म्हणाल तर आधीच्या धरणावर वीजघर काढलं तर नवीन गाव बुडत नाही, हा मोठा फायदा, पण नुकसान अजिबात नाही असं नाही. तळातून निघालेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, वास येतो, खाली मासे मरू शकतात, म्हणून बाहेर पडताना पाण्यात हवा मिसळायची सोय ठेवा. धरणापासून वीजघरापर्यंतचा नदीचा तुकडा कोरडा पडू देऊ नका. मशीनचं तेल सांडलं तर अडवायला खड्डा हवाच, खाली नांदूरमध्यमेश्वरला पक्षी उतरतात, तिथे रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय.

मोठं काही काढायचं तर गोष्ट वेगळी. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, वरचं पाणी कोकणाच्या बाजूला सोडून वीज करतात आणि स्वस्त विजेच्या वेळी तेच पाणी परत वर चढवतात. असे प्रकल्प जितकी वीज देतात त्यापेक्षा जास्त खातात, कमाई असते ती गरजेच्या वेळी वीज देण्याची. २५ मेगावॅट आणि त्यावर पर्यावरण मंजुरी लागते, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या आदिवासी पट्ट्यात जमीन लागणार असेल तर ग्रामसभेत नकाशा घेऊन बसा, सही घ्यायला शेवटी जाऊ नका.

मशीन चालू करायच्या आधी भोंगा वाजवा आणि १५ मिनिटं थांबा. पात्रात बाया धुणं धूत असतात, पोरं म्हशी घेऊन उतरलेली असतात, पाणी एकदम वाढतं. भोंग्याची बॅटरी दर सोमवारी तपासायची, रजिस्टरला सही करून.