मुका रेडिओ आणि एएफ ११७ च्या मिशा

१९६० च्या दशकातला एक पोर्टेबल रेडिओ दुरुस्तीला घेतला. नुसती खरखर, स्टेशन एकही नाही. ऑडिओचा भाग ठणठणीत, म्हणजे गडबड आरएफ-आयएफकडे, म्हणजे स्टेशन पकडून सिग्नल वाढवणाऱ्या भागात. झाकण उघडल्यावर तिथे एएफ ११७ हे ट्रान्झिस्टर दिसले आणि अर्धं निदान तिथेच झालं.

हे जर्मेनियमचे, पीएनपी प्रकारचे. पाय चार : एमिटर, बेस, कलेक्टर आणि चौथा शील्डचा, धातूच्या डबीला जोडलेला. डबीच्या आतल्या कथिलाच्या मुलाम्यातून वर्षानुवर्षं केसासारखे तंतू वाढत राहतात, त्याच या मिशा. एखादा आतल्या तारेला टेकला की शॉर्ट! मीटर लावला, एका ट्रान्झिस्टरमध्ये शील्ड आणि कलेक्टर यांच्यात जवळपास शून्य ओहम.

शील्डचा पाय बोर्डापासून कापला, म्हणजे तो शॉर्ट सर्किटबाहेर गेला. विविध भारती लागलं.

तंतू एकाच तारेला टेकलेला असेल तरच हा उपाय चालतो. चार्ज केलेल्या कपॅसिटरने तंतू जाळताही येतात, पण ते पुन्हा उगवतात. त्याऐवजी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बसवायचा तर बायसचे (बेसला ठरावीक व्होल्टेज देणारे) रेझिस्टर बदलावे लागतात, कारण त्याला बेस-एमिटरमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट हवेत, जर्मेनियमचं ०.२ च्या आसपास भागतं.

तरी या पिढीतले काही गुण मला आवडतात. काचेच्या ओसी ७१ ट्रान्झिस्टरवरचा काळा रंग खरवडला की तो प्रकाश ओळखू लागायचा. महागड्या ओसीपी ७१ या फोटोट्रान्झिस्टरऐवजी हौशी मंडळी हाच जुगाड वापरायची. पुढे काचेत अपारदर्शक लेप भरला जाऊ लागला आणि ती चैन संपली.