चौफेर वाचन आणि ख्रिस्ती दृष्टी: पुस्तक कसे ऐकावे, कसे पारखावे

बायबलमध्ये, तीमथ्य या सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कैदेतला प्रेषित पौल काही वस्तू मागवतो: त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे (4:13). याच पौलाने अथेन्समध्ये अरियपग या सभास्थानी बोलताना एका ग्रीक कवीची ओळ घेतली, 'आपण वास्तविक त्याचा वंश आहोत' (प्रेषितांची कृत्ये 17:28). ही ओळ अराटस या कवीच्या काव्यात झ्यूस या ग्रीक देवाविषयी आहे. पौलाने ओळ घेतली, झ्यूस घेतला नाही. पण त्यासाठी आधी ते काव्य कानांवरून जायला हवे होते. आधी नीट ऐकायचे, मग पारखायचे, हाच क्रम पुढच्या सगळ्या पायऱ्यांत आहे.

निवड

वर्षाला बारा पुस्तके पुरेत. चार ख्रिस्ती विचारांची, चार ललित (त्यात कविता हवीच, ती बहुतेक जण टाळतात), दोन इतिहास किंवा विज्ञानाची आणि दोन आपल्या मतांच्या थेट विरोधातली. ख्रिस्ती पुस्तकांपैकी एक तरी शंभर वर्षांहून जुने असावे. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांचा सल्ला याहून कडक होता: एक नवे वाचले की पुढचे नवे घेण्याआधी एक जुने वाचा, आणि तेवढे जमत नसेल तर तीन नव्यांमागे एक जुने. आपल्या काळाचे गैरसमज आपल्याला हवेसारखे असतात, दिसत नाहीत. जुन्या लेखकाचे वेगळे असतात, म्हणून चटकन टोचतात.

रोज 20 पाने वाचली तर 300 पानांचे पुस्तक 15 दिवसांत संपते. बारा पुस्तकांना 180 दिवस लागतात. उरलेले अर्धे वर्ष चुकलेल्या दिवसांसाठी आणि पुनर्वाचनासाठी ठेवा.

पहिले वाचन

हातात पेन्सिल असावी आणि खुणा तीनच: मुख्य मुद्द्याखाली रेघ, न समजल्यास प्रश्नचिन्ह, अस्वस्थ केले तर उद्गारचिन्ह. समासात उत्तरे लिहू नका. प्रतिवाद सुरू झाला की कान बंद होतात आणि पुढची पन्नास पाने आपण फक्त दारूगोळा गोळा करतो.

डावे पान

पुस्तक संपल्यावर दोन दिवसांच्या आत वही उघडा. डाव्या पानावर लेखकाचे म्हणणे पाच-सहा वाक्यांत लिहा, 'पण' हा शब्द न वापरता. कसोटी एकच: लेखकाने हे पान वाचले तर 'हो, हेच म्हणायचे होते' असे तो म्हणेल का? नास्तिक लेखकाचा युक्तिवाद त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडता आला नाही, तर पुस्तक अजून वाचून झालेले नाही. 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा लेखकांबाबतही लागू आहे, मृत लेखकांबाबतही.

कादंबरीत इथे हमखास घसरायला होते. ढोंगी पाळक दिसला की 'पुस्तक चर्चविरोधी आहे' असे लिहून वाचक मोकळा होतो. थांबा. तो पाळक आपल्याला कोणाच्या नजरेतून दिसतो? त्याच्या ढोंगाची किंमत कोण मोजते? नाथान संदेष्ट्याने गरिबाचे कोकरू हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा दुसऱ्याची बायको हिरावलेला दावीद राजा संतापला, आणि तो माणूस आपणच आहोत हे त्याला नंतर कळले (2 शमुवेल 12). चांगली कथा असेच करते. ऐकण्याआधी निवाडा दिला तर तो वार आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

उजवे पान

आता पारख. चार प्रश्न घ्या: या पुस्तकात माणूस म्हणजे काय? बिघडले काय आहे? ते कशाने किंवा कोणामुळे सुधारेल? शेवटी आशा कशाची? बायबलच्या कथेतले चार टप्पे, सृष्टी, पतन, तारण आणि नवनिर्मिती, यांचीच ही रूपे आहेत, त्यामुळे विज्ञानाच्या पुस्तकालाही ती लागू पडतात. समजा, सगळे दुःख अज्ञानातून येते आणि शिक्षणाने जाते, असे लेखक मानतो. मग अज्ञानाविषयी तो बरोबर आहे हे आधी नोंदवा. त्यानंतर विचारा, जाणूनबुजून केलेल्या दुष्टपणाचे तो काय करतो?

ललित पुस्तकात पात्रांच्या तोंडची वाक्ये उतरवून भागत नाही. कथा कोणाला फळ देते आणि आपली सहानुभूती कुठे ओढते, ते पाहा.

मग पवित्र शास्त्र उघडा, आणि सुटे वचन न शोधता पूर्ण अध्याय वाचा. बायबलच्या शब्दसूचीतून काढलेले वचन बहुधा आपण आधीच ठरवलेले मत पक्के करते. शेवटी त्या पुस्तकातून मिळालेली एक गोष्ट प्रार्थनेत मांडा: आभार, कबुली किंवा प्रश्न.

कुठे चुकते

त्याग करणारे प्रत्येक पात्र ख्रिस्ताचे प्रतीक ठरवणे हा उत्साही वाचकाचा रोग आहे. पात्राला आधी माणूस राहू द्या. दुसरा रोग शिव्या आणि हिंसेची प्रकरणे मोजण्याचा. त्या मापाने बायबलमधला, भीषण अत्याचार सांगणारा शास्ते 19 वा अध्यायही बाद होईल. प्रश्न आहे तो वाईटाला वाईट म्हणून दाखवले आहे की चवीने चघळले आहे, हा.

तरीही एखादे पुस्तक तुम्हाला सतत खाली खेचत असेल तर मिटून ठेवा. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायानुसार हा ज्याच्या-त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. तेच पुस्तक वाचणाऱ्या दुसऱ्याला दोष देऊ नये. केवळ कंटाळा आला असेल तर मात्र 50 पाने द्या, मग सोडा.

गटात वाचत असाल तर चार ते सहा जण आणि दीड तास पुरतो. पहिली वीस मिनिटे फक्त डावी पाने वाचायची, मतप्रदर्शन बंद. हा नियम मोडला की सर्वांत बोलका माणूस पुस्तकाची जागा घेतो.

महिन्याने उजवे पान पुन्हा काढा आणि बदललेली मते वेगळ्या शाईने नोंदवा. सहा पुस्तकांनंतरही दुसरी शाई कुठेच उमटली नसेल, तर पुढची दोन पुस्तके स्वतः निवडू नका; तुमच्याशी सहसा न पटणाऱ्या एखाद्या वाचकाला निवडायला सांगा.