शेवटचं सेमिस्टर: एका पेशंटवरून अख्ख्या वॉर्डवर येताना

बीएस्सी नर्सिंगमध्ये केअर प्लॅन (शुश्रूषेचा आराखडा) एका पेशंटचा लिहितात, तोही पानंच्या पानं. नोकरीतल्या पहिल्या नाईटला मात्र समोर वीस खाटा असतात. आठव्या सेमिस्टरची 22 आठवड्यांची इंटर्नशिप (प्रौढ रुग्ण 6 आठवडे, बालरोग, प्रसूती, मनोरुग्ण आणि कम्युनिटी प्रत्येकी 4) या तयारीसाठीच आहे. ती टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घेण्यात आणि रिपोर्ट आणण्यात गेली, तर कॉलेजचा दोष काढण्यात अर्थ नाही.

पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरना सांगा, ‘मला दोन पेशंट पूर्ण द्या, औषधांपासून नोंदींपर्यंत. सही तुमच्यासमोर करते.’ जमलं की दर आठवड्याला एक पेशंट वाढवा. ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती) घेताना एका कागदावर खाटेप्रमाणे ओळी आखा: निदान, ड्रिप कधी संपेल, पुढचं औषध किती वाजता, काय राहिलंय. मग कुठल्याही कामाला हात लावण्याआधी एक फेरी मारा. शुद्ध, श्वास, सलाईनची जागा, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी), युरिन बॅग. खाटेला मिनिट-दीड मिनिट पुरतं. हे सोडून थेट सकाळच्या औषधांना लागलं, की सलाईन शिरेबाहेर जाऊन सुजलेला हात दुपारी दिसतो.

हिशेब रोज हातानं करा. 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचं आणि सेट 20 थेंबांचा (म्हणजे 20 थेंबांचा एक मिली), तर ताशी 125 मिली. 125 गुणिले 20 भागिले 60, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. मायक्रो सेटला 60 थेंबांचा मिली असतो, त्यामुळे तिथे ताशी मिली तेवढेच मिनिटाला थेंब.

खरी गडबड इन्सुलिनमध्ये होते. आपल्याकडे 40 युनिट प्रति मिलीची व्हायल मिळते आणि 100 चीही. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी. 100 ची व्हायल लाल सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरली, तर आत अर्धा मिली, म्हणजे 50 युनिट जातात. उलट केलं तर 20 ऐवजी 8. टोपणाच्या रंगावर विसंबू नका. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्यानं वाचा, आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या.

डॉक्टरांना फोन करणं कुणी नीट शिकवत नाही. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ एवढ्यावर कुणी पळत येत नाही. असं सांगा: ‘मेल सर्जिकल, बेड 12, काल अपेंडिक्सचं ऑपरेशन. दोन वाजता नाडी 88, बीपी 118/76. आता चारला नाडी 124, बीपी 92/60, दोन तासांत लघवी 30 मिली, पोट कडक. रक्तस्राव असेल असं वाटतंय. लगेच येता का? तोवर काय सुरू करू?’ आकडे आधी लिहून घ्या. फोनवर मिळालेली ऑर्डर तशीच परत वाचून दाखवा, वेळ टाका आणि डॉक्टर आले की सही घ्या.

प्रोसिजर बुकावरच्या (स्वतः केलेल्या कामांची नोंदवही) सह्या त्याच दिवशी घ्या. शेवटच्या आठवड्यात एकदम भरलेल्या बुकात कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) किती वेळा चुकली, ते कुठेच दिसत नाही.