वूड बायसनवर काम करायचंय? आधी बर्फ शिका

माझ्या गाईडनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बायसन कधी पाहिलाय का?" मी छातीठोकपणे म्हटलं, "कितीतरी वेळा. आमच्या उसात येतात." पलीकडे शांतता.

माझं गाव राधानगरी तालुक्यातलं. दाजीपूरच्या जंगलाला आमच्याकडे सगळे बायसन अभयारण्यच म्हणतात, त्यामुळे गवा म्हणजेच बायसन हे मी लहानपणापासून धरून चालले होते. साहेबाच्या काळातल्या शिकाऱ्यांनी गव्याला 'इंडियन बायसन' म्हणून टाकलं आणि ते चिकटलं. गवा वेगळा, उत्तर अमेरिकेतला बायसन वेगळा. पण उसात शिरलेल्या कळपाला लोक कसे हाकलतात, हे मी जे सांगितलं ते गाईडना आवडलं असावं, कारण अलास्कातल्या फेअरबँक्सला एम.एस.ची जागा मिळाली.

अलास्काच्या बायसनवर काम कसं मिळतं, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितेय. पहिली गोष्ट प्रवेशाची. तिकडे वन्यजीव विषयाची एम.एस. आपल्यासारखी नुसत्या मार्कांवर होत नाही. आधी प्राध्यापक शोधायचा, त्याच्याकडे प्रकल्पाचे पैसे आहेत का ते पाहायचं, त्याचं काम वाचून मेल लिहायची आणि मग अर्ज. असिस्टंटशिप (विद्यापीठात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं मदतनीस काम) मिळाली तर फी बरीचशी सुटते आणि महिन्याचा स्टायपेंड मिळतो. मी अठ्ठावीस मेल पाठवल्या, उत्तरं आली पाच. मेलमध्ये "मला प्राण्यांची खूप आवड आहे" हे वाक्य लिहू नका. ते सगळेच लिहितात. त्याऐवजी आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) येतं, क्यूजीआयएस (नकाशांचं) येतं, आणि त्यात अमुक करून दाखवलंय असं लिहा.

दुसरी गोष्ट, इतिहास पाठ करा, कारण रोजचे सगळे वाद तिथूनच येतात. वूड बायसन ही अमेरिकी बायसनची उत्तरेकडची, आकाराने मोठी उपजात. नर नऊशे किलोच्या आसपास जातो. अलास्कातून तो केव्हाच संपला होता. कॅनडात १९२५ ते १९२८ या काळात साडेसहा हजारांहून जास्त प्लेन्स बायसन (दक्षिणेकडच्या गवताळ मैदानांतली उपजात) उत्तरेला वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडले. त्यांच्याबरोबर क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस (गुरांचा गर्भपात घडवणारा संसर्ग) गेले, शिवाय संकर झाला. शुद्ध वूड बायसन उरला नाही असंच लोक समजून चालले होते. १९५७ साली विमानातून पाहणी करताना एका दुर्गम कोपऱ्यात सुमारे दोनशेंचा कळप सापडला. त्यातले काही पुढे एडमंटनजवळच्या एल्क आयलंड उद्यानात आणून रोगमुक्त कळप वाढवला. अलास्काच्या कळपाचं बीज तिथलं.

२००८ साली एल्क आयलंडहून ५३ जनावरं अलास्कात अँकरेजजवळ पोर्टेजच्या वन्यजीव केंद्रात आली. रानात सुटली २०१५ मध्ये. मधली सात वर्षं? बहुतेक कागद. वूड बायसन अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत होता. तो सोडला की भोवतालच्या तेल, वायू आणि खाणींवर बंधनं येतील, अशी भीती. शेवटी २०१४ मध्ये 'प्रायोगिक कळप' असा वेगळा दर्जा देणारा नियम झाला आणि वाट मोकळी झाली. जीवशास्त्राला येणाऱ्या मुलांना कायद्याचा तास कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटायचा. तो चुकवू नका.

त्यानंतर २०१५ च्या मार्चमध्ये शंभर जनावरं मोठ्या हर्क्युलिस विमानातून शॅगेलुक या छोट्या गावी उतरवली. रस्ता नाहीच. कुंपणात काही दिवस ठेवून एप्रिलमध्ये कळपाला इनोको नदीच्या गवताळ सपाटीवर नेलं. पुढे स्नोमशीन (तिकडे स्नोमोबाईल म्हणालात की नवखे ठरता), त्यावरून चाऱ्याचे ठोकळे टाकत जाणारा माणूस, मागे कळप. पेंड दाखवून म्हैस गोठ्यात न्यावी तसं. तीसेक मोठे नर उन्हाळ्यात बार्जवरून नदीमार्गे गेले. जनावर हलवताना त्याची धावपळ कमी करणं हेच निम्मं काम. २०२० च्या डिसेंबरात कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागाने दमला आणि पकडल्यानंतर मेला, ते आठवतंय ना? तिकडे सेमिनारमध्ये मी तीच गोष्ट सांगितली.

आता बर्फ. बायसनच्या खांद्यावरचं मदार म्हणजे मानेच्या स्नायूंचा पाया. डोकं या बाजूने त्या बाजूला फिरवत तो फावड्यासारखा बर्फ उडवतो आणि खालचं वाळलेलं गवत खातो. हे गवत सेजचं, आपल्या लव्हाळ्याच्या जातकुळीतलं. भुसभुशीत बर्फ बराच पडला तरी तो निभावतो. पण हिवाळ्यात पाऊस पडला आणि वर गोठला की काचेसारखा थर बसतो. मग गवत फूटभर खाली असूनही जनावर उपाशी. काही हिवाळ्यांनी इनोकोच्या कळपाचं चांगलंच नुकसान केलं. २०२२ मध्ये आणखी २८ जनावरं नेऊन सोडावी लागली. माझा पहिला हिवाळा मी बायसनपेक्षा बर्फात खड्डे खणून थर मोजण्यातच घालवला. उणे ४० ला पेनातली शाई गोठते. पेन्सिल न्या.

एक फजितीही सांगते. जीपीएस कॉलरच्या नोंदी यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. मी त्या स्थानिक वेळ समजून बसले. अलास्का हिवाळ्यात नऊ तास मागे. तीन आठवडे राबून माझा निष्कर्ष काय, तर बायसन दिवसा झोपतात आणि मध्यरात्री चरतात! गाईडनी आलेख पाहून फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं.

मनाने सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. संवर्धन म्हणजे शिकारबंदी, हे डोक्यात घेऊन मी गेले होते. इनोकोकाठच्या अथाबास्कन आदिवासींच्या गावांमध्ये शिकार हेच घरचं अन्न आहे. कळप पुरेसा वाढला की त्यातून मर्यादित शिकार मिळावी, हा प्रकल्पाचा उघड हेतू आहे, आणि त्याशिवाय गावांनी तो स्वीकारला असता असं मला वाटत नाही. पहिल्या गावसभेत मी वर्ग घेतल्यासारखी बोलले. दुसऱ्या सभेला चहा प्यायले आणि गप्प बसले. दुसरी सभा जास्त कामाची झाली.

नोकरीचं सरळ सांगायचं तर अमेरिकी केंद्र सरकारच्या बहुतेक जागा नागरिकांसाठीच असतात. विद्यापीठं आणि खासगी संस्था हाच रस्ता, तोही अरुंद. छोट्या विमानातून गणतीला जाणार असाल तर उलटीची गोळी आधी घ्या, वर गेल्यावर नव्हे. आणि परदेशच हवा असं नाही. बांधवगडमधून १९९८ पर्यंत गवे संपले होते, तिथे २०११ आणि २०१२ मध्ये कान्ह्यातून ५० गवे नेऊन वसवले. डेहराडूनची वन्यजीव संस्था त्यात होती. तिथली एम.एस्सी. किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेची वन्यजीवांची एम.एस्सी. पाहा. त्यांच्या प्रवेशाला मात्र मेलपेक्षा परीक्षा महत्त्वाची.

मी सुट्टीत घरी गेले तेव्हा चुलते विचारत होते, "तिकडं गवं शेतात शिरत नाहीत?"

म्हटलं, तिकडे शेतंच नाहीत.

"मग बरं हाय," म्हणाले, "आमचंबी चार घिऊन जा की."