शुगरवाल्यांची गँग कशी जमवायची, आणि जमली की काय करायचं

शुगर निघाली की सल्ले द्यायला अख्खी कॉलनी धावून येते पण सकाळी सोबत चालायला कोणीच नाही, हे माझं आठ वर्षांचं निरीक्षण आहे. आधी गोळ्या होत्या, आता रात्रीचं इन्सुलिन पण लागलं. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा भेटतात, मधले नव्वद दिवस आपल्यालाच काढायचे असतात, आणि ते मी आमच्या पाच जणांच्या गँगमुळे काढून राहिली. तुमची पण जमू शकते, म्हणून लिहून टाकते.

माणसं शोधायला फार लांब जावं नाही लागत. सगळ्यात भारी जागा म्हणजे पॅथॉलॉजी लॅब. उपाशीपोटीचं रक्त देऊन, खाऊन येऊन, पुढच्या सुईसाठी दोन तास घड्याळ बघत बसलेले जे चेहरे असतात ना, ते सगळे आपलेच. मला आमच्यातल्या दोघी तिथेच भेटल्या, एकीने डब्यातली सांबारवडी पुढे केली आणि मग दोघींनाही हसू आलं. बाकीचे आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी चालताना भेटले. चार-पाच जण पुरे, वीस झाले की ते मंडळ होते आणि मग अध्यक्ष कोण यावरून भांडणं.

आता मेन गोष्ट. भेटल्या भेटल्या "आज किती आली?" विचारायचं नाही. दहावीचे मार्क विचारल्यासारखं वाटते ते, आणि जास्त आली असेल तर माणूस एक तर खोटं सांगते नाहीतर दुसऱ्या दिवशीपासून येतच नाही. झोप झाली का, पाय कसे आहेत, हे विचारा. त्यानं स्वतःहून आकडा सांगितला तर "काय खाल्लं होतं?" असा पोलिसी प्रश्न टाकू नका कारण शुगर फक्त खाण्यानं नाही वाढत, रात्रभर जागरण, ताप, टेन्शन, स्टेरॉइडची गोळी, कशानंही वाढते. आणि कधी कधी तर वाढलेलीच नसते! आमच्या एका काकांना मागच्या हिवाळ्यात मीटरवर २६० दिसली, तोंड एवढंसं झालं, आम्ही तिघं काकूंच्या स्वयंपाकाला नावं ठेवून मोकळे, मग कळलं की काका नुकतेच दोन संत्री सोलून बसले होते. साबणानं हात धुतले, पुसले, परत बोट टोचलं, १४८. संत्र्यांच्या गावात राहतो तर एवढं तरी लक्षात ठेवाच. काकूंची माफी मागितली नंतर.

मीटर ज्याचं त्याचं असलेलं बरं. टोचायची सुई दुसऱ्याची कधीच वापरायची नाही, आणि इन्सुलिनचं पेन तर वरची सुई बदलली तरी दुसऱ्याला द्यायचं नाही, आत रक्त मागे जाऊ शकते.

डोसच्या बाबतीत आमचा एकच कायदा आहे, तुझी गोळी तुझी, माझी माझी. "मी तर अर्धी करून टाकली, तू पण कर" असं बोलणाऱ्याला आम्ही त्या दिवशी सगळ्यांचा चहा पाजायला लावतो (बिनसाखरेचा). कारल्याच्या ज्यूसचे फॉरवर्ड येतात, प्यायचा तर प्या बापा, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद नका करू.

खिशात साखर ठेवायची. हो, शुगरवाल्यांच्या खिशात साखर, लोक हसतात, हसू द्या. इन्सुलिनवाल्यांची आणि काही गोळ्यावाल्यांची शुगर चालता चालता एकदम उतरू शकते. घाम, हात थरथर, धडधड, उगाच चिडचिड, बोलणं बरळल्यासारखं, असं दिसलं की भाषण देऊ नका, खाली बसवा आणि मीटर जवळ असेल तर तपासा. ७० च्या खाली असली किंवा मीटरच नसलं तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटं थांबून परत बघा, नाही चढली तर परत तेवढंच, आणि चढली की थोडं काही खाऊ घाला. संत्रा बर्फी नका देऊ घाईघाईत, खव्याच्या तुपामुळे त्यातली साखर हळू लागते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. पाचही जणांच्या घरचे नंबर आमच्या पाचही फोनमध्ये आहेत, हे पहिल्याच आठवड्यात करून टाका.

चालणं झालं की पोह्याच्या ठेल्यावर पाय आपोआप वळतात, नागपूर आहे शेवटी. आम्ही बंद नाही केलं, पोहे अर्धे आणि तर्रीतले चणे जास्त मागून घेतो. मग ज्याला वाटेल त्यानं दोन तासांनी घरी बघायचं. एकाच प्लेटनं एकीची १६० आली आणि माझी २१०, तेव्हापासून "मला तर काहीच होत नाही" हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. लग्नाच्या पंगतीत मात्र जोडीनं बसा. "एकानं काय होते" करत जिलेबी वाढणारे येतात ना, तेव्हा शेजारच्यानं त्यांना मठ्ठा आणायला पिटाळायचं. खाऊन उठलं की दहा-पंधरा मिनिटं मांडवाच्या बाहेर चक्कर, गप्पाही होतात आणि जेवणानंतरची शुगरही कमी चढते.

मे महिन्याचं वेगळं सांगते. इन्सुलिन स्कूटीच्या डिक्कीत ठेवून बाजारात गेलात तर ते वाया गेलं समजा, ४५ डिग्रीत डिक्की म्हणजे भट्टी. फ्रिजमध्ये ठेवा पण फ्रीझरमध्ये नाही, गोठलं तर फेकावंच लागते. लाइट गेली तर बाटली कोरड्या डब्यात घालून, तो डबा ओली वाळू भरलेल्या मातीच्या भांड्यात ठेवा. आणि पाय! देवळात तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरलो, शुगरनं पाय बधिर झालेले, चटका कळलाच नाही, घरी येऊन बघते तर टाचेला फोड. तेव्हापासून उन्हाळ्यात दर्शन सकाळी आठच्या आत, आणि रविवारी एकमेकींचे तळपाय बघतो, कारण आपला आपल्याला तळवा नीट दिसत नाही. सुरुवातीला लाज वाटते. मग नाही वाटत.

आमच्यात एक कॉलेजची पोरगी पण आहे, टाइप वन, बारा वर्षांची असल्यापासून. तिला "एवढ्या लहान वयात, फार चॉकलेट खायचीस का गं?" असं विचारणारी पहिली मीच होती, अजून वाईट वाटते. तिच्या शरीरात इन्सुलिन बनणंच बंद झालंय, त्याचा गोडाशी काही संबंध नाही, गोळ्यांनी तिचं भागत नाही. तिच्या घरी लग्नाचं बघून राहिले, म्हणून तिची शुगर आमच्यातून बाहेर जात नाही. तुमच्या गँगमध्येही कोण सांगते आणि कोण लपवते हे ज्याचं त्यालाच ठरवू द्या.

आणि एखादा तीन दिवस दिसला नाही तर "का नाही आला" असा मेसेज टाकत बसू नका, संध्याकाळी घरी जा. आमच्यातल्या एकाचा आकडा चारशेला गेला होता आणि तो लाजेनं दार लावून बसला होता. आम्ही फुटाण्याचा पुडा घेऊन गेलो, अर्धा तास नुसतं क्रिकेटवर बोललो, मग त्यानंच रिपोर्ट काढून समोर ठेवला, आणि आम्ही त्याला तसंच गाडीवर बसवून डॉक्टरांकडे नेलं.